अंडर-१७ वर्ल्ड कप बघायचाय? मग नुसता स्कोअर बघू नका

वीकेंडला प्रीमियर लीग, मंगळवार-बुधवारी डोळे ताणून चॅम्पियन्स लीग, एवढं सगळं करणारी आपली मंडळी फुटबॉलच्या अंडर-१७ वर्ल्ड कपचं नाव काढलं की म्हणतात "पोरासोरांच्या मॅच काय बघायच्या", आणि तीन-चार वर्षांनी त्यातलंच एखादं पोरगं मोठ्या क्लबात धुमाकूळ घालायला लागलं की "हा कुठून उगवला रे?" तर ज्यांना ही स्पर्धा एकदा नीट बघायचीय पण सुरुवात कुठून करायची कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी थोडी माहिती. १९८५ ला चीनमध्ये ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा ती अंडर-१६ होती, १९९१ पासून अंडर-१७ झाली. दर दोन वर्षांनी व्हायची, आता २०२५ पासून दरवर्षी होते आणि २०२९ पर्यंत कतारलाच आहे. टीम २४ च्या ४८ केल्या, मॅच झाल्या १०४. एवढ्या सगळ्या बघायला गेलात तर नोकरी जाईल किंवा घरातून बाहेर काढतील, म्हणून निवड करायला शिकणं हेच पहिलं काम.

माझी पद्धत सांगतो. ड्रॉ झाला, म्हणजे कोणती टीम कुठल्या ग्रुपात ते ठरलं, की १२ ग्रुपमधून एकच ग्रुप पकडायचा, फार तर दोन, आणि त्यातल्या सगळ्या मॅच बघायच्या. इकडची एक तिकडची एक असं केलं तर कोणाचंच काही लक्षात राहत नाही. ग्रुप निवडताना मोठ्या नावांच्या मागे लागू नका, चारही टीम साधारण तोडीस तोड असतील असा बघा, कारण ४८ टीम केल्यामुळे काही मॅच अगदीच एकतर्फी होतात. २०२५ ला मोरोक्कोने न्यू कॅलेडोनियाला १६-० हरवलं, त्यात बघण्यासारखं काय होतं सांगा, उलट त्या हरणाऱ्या पोरांचंच वाईट वाटतं. वेळेचा प्रश्न मात्र नाही, कतार आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे त्यामुळे तिकडच्या दुपारी साडेतीनची मॅच आपल्याकडे संध्याकाळी सहाला लागते, जागरण नाही काही नाही. कुठल्या चॅनेलवर किंवा अॅपवर दिसणार हे दर वेळी बदलतं, ते स्पर्धेच्या आठवडाभर आधी फिफाच्या साइटवर बघून घ्या.

आता खरी गंमत. मॅच सुरू व्हायच्या आधी टीम लिस्ट उघडा. फिफाच्या साइटवर २१ खेळाडूंची यादी असते आणि त्यात प्रत्येकाची जन्मतारीख असते, ती वाचा. नियम असा की स्पर्धेच्या वर्षातून १७ वजा केले की जे वर्ष येतं त्याच्या १ जानेवारीला किंवा नंतर जन्मलेलाच खेळू शकतो, म्हणजे २०१७ साठी २०००, २०२५ साठी २००८ आणि २०२६ साठी २००९. तारखा बघत गेलात की दिसेल, बऱ्याच टीममध्ये जानेवारी-फेब्रुवारी-मार्चची पोरं भरलेली असतात. या वयात नऊ-दहा महिने म्हणजे खूप झाले हो, एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो, आणि निवडणाऱ्याच्या डोळ्यात आधी भरतो तो थोराड. म्हणून ज्याची जन्मतारीख ऑक्टोबर-नोव्हेंबरची आहे किंवा जो वयोगटापेक्षा एक वर्ष लहान असूनही टीममध्ये आहे, त्याच्या नावाला खूण करा. अंगाने मार खात असूनही कोचने त्याला घेतलाय म्हणजे त्याच्याकडे दुसरं काहीतरी आहे. (वयचोरीचं म्हणाल तर २००९ पासून वय तपासायला मनगटाचा एमआरआय करतात, त्यामुळे पूर्वीइतकी बोंब राहिलेली नाही.)

त्याच यादीत दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे कोण नाहीये. या वयोगटाच्या स्पर्धेला खेळाडू सोडलाच पाहिजे असं क्लबवर बंधन नसतं. २०१७ ला भारतात स्पर्धा झाली तेव्हा ब्राझीलच्या विनिसियसला त्याच्या फ्लामेंगो क्लबने पाठवलंच नाही, आणि इंग्लंडच्या जेडन सँचोला त्याच्या डॉर्टमुंड क्लबने ग्रुप स्टेजपुरता सोडला आणि मग परत बोलावून घेतला. त्यामुळे एखादी मोठी टीम ढेपाळली तर शिव्या घालण्याआधी यादी बघा, कदाचित त्यांचे दोन चांगले खेळाडू क्लबाच्या बेंचवर बसलेले असतात.

मॅच बघताना काय बघायचं? बॉल सोडून एक खेळाडू बघा. सुरुवातीला जड जातं, आपली नजर बॉलमागेच पळते, पण दहा मिनिटं जमवा. बॉल यायच्या आधी तो खांद्यावरून मागे बघतोय का, पहिल्या टचला बॉल पायाखाली अडकवतो की मोकळ्या जागेकडे काढतो, चूक झाली की मान खाली घालून उभा राहतो की लगेच परत पळतो. स्पीड आणि ताकद या वयात फसवी असते, दोन वर्षांनी बाकीचेही तेवढेच वाढतात आणि मग नुसत्या धावण्यावर गोल करणाऱ्याची पंचाईत होते. इंग्लंडचा फिल फोडेन तेव्हा कसा दिसायचा आठवा, काटकुळा, धक्का लागला तर उडून जाईल असा, पण २०१७ चा गोल्डन बॉल, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, त्याला मिळाला आणि फायनलला दोन गोलही त्याचेच. त्याच टीमचा रियान ब्रूस्टर ८ गोल मारून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट घेऊन गेला, क्वार्टरफायनल आणि सेमी दोन्हीत हॅटट्रिक, सगळे म्हणत होते हाच पुढचा स्टार, पण पुढे दुखापतींनी त्याला असा घेरला की गाडी तिथेच अडली. म्हणून गोल मोजून भाकितं करू नका. पण ट्रॉफ्यांची यादी अगदीच खोटं बोलते असंही नाही, २००३ ला फाब्रेगास आणि २००७ ला टोनी क्रूस हे गोल्डन बॉलवाले पुढे मोठे स्टार झाले हे सगळ्यांना माहितीय.

आणखी एक, गोल झाल्यावर लगेच चहा आणायला उठू नका. पोरांच्या मॅचमध्ये गोलनंतरची पाच मिनिटं सगळ्यात खरी असतात कारण डोकं शांत ठेवायला ती अजून शिकलेली नसतात. आपल्याच टीमचं उदाहरण घ्या, २०१७ ला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवर जिक्सन सिंगने हेडर मारला, फिफाच्या वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल, स्टेडियम वेडं झालं, १-१, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून २-१ केलं. सगळे अजून मिठ्या मारायच्या मूडमध्ये आणि मागे जागा मोकळी. तसंच २-० झालं म्हणून टीव्ही बंद करू नका, त्याच स्पर्धेच्या कोलकात्याच्या फायनलला अर्ध्या तासात स्पेन २-० पुढे होतं आणि शेवटी इंग्लंड ५-२ ने जिंकलं!

नॉकआउटचे, म्हणजे हरला की बाहेर अशा मॅचचे, नियम माहीत असू द्या. ग्रुपमधले पहिले दोन आणि तिसऱ्या नंबरवाल्यांतले सर्वांत चांगले आठ असे ३२ पुढे जातात. बरोबरी झाली तर एक्स्ट्रा टाइम नाही, थेट पेनल्टी, त्यामुळे शेवटच्या दहा मिनिटांत कमजोर टीम सगळी माणसं मागे घेऊन बसते, ते रटाळ वाटलं तरी तो त्यांचा प्लॅन असतो. २०२३ ला इंडोनेशियात जर्मनी आणि फ्रान्सची फायनलसुद्धा २-२ वर अडकली आणि पेनल्टीवर जर्मनीने नेली. आणि २०२५ ला व्हिडिओ सपोर्ट नावाची एक भानगड आली, ती म्हणजे सरळ आपला क्रिकेटचा डीआरएस समजा, कोच चौथ्या रेफरीला कार्ड देऊन रिव्ह्यू मागतो, एका मॅचला दोन, आणि निर्णय बदलला तर रिव्ह्यू शाबूत. हे २०१७ ला असतं तर नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला स्पेन-माली सेमीफायनलला मालीचा एक गोल बुडाला नसता, बॉल बारला लागून लाइनच्या आत पडला होता, रिप्लेत स्पष्ट दिसलं पण रेफरीने दिला नाही. स्पेन ३-१ जिंकलं. तो गोल दिला असता तर काय झालं असतं यावर मी आजही कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

ज्यांना जुन्या मॅचपासून सुरुवात करायचीय त्यांनी हायलाइट्स शोधून आधी गोव्याची मॅच बघा, १० ऑक्टोबर २०१७, फातोर्डा, इराण ४ जर्मनी ०. बरोबर वाचलंत, ४-०. जर्मनीला बॉल मिळाला की इराणची पोरं तीन बाजूंनी धावून जायची आणि काढून घेतला की दोन-तीन पासमध्ये समोर. आणि तीच जर्मनी पुढच्या राउंडला दिल्लीत कोलंबियाला ४-० हरवते! या वयोगटात असं होतं, एका मॅचवरून टीमला मोडीत काढायचं नाही.

मुलींचा अंडर-१७ वर्ल्ड कप पण यादीत घ्या, उगाच दुय्यम समजू नका. २०२२ ला तो भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत झाला, फायनल डी. वाय. पाटीललाच, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. स्पेनकडून विकी लोपेझ आणि कोलंबियाकडून लिंडा कैसेडो, दोघी आपल्या हार्बर लाइनवर येऊन खेळून गेल्या, आणि कैसेडोने तर पुढच्याच वर्षी सीनियर वर्ल्ड कपला जर्मनीविरुद्ध गोल मारला. हा मुलींचा कपही २०२५ पासून दरवर्षी मोरोक्कोत होतो.

मॅच संपली की मोबाइलमध्ये एक साधी नोट करा. नाव, जन्मतारीख, क्लब, आणि काय आवडलं ते एका ओळीत. "चांगला खेळला" असं लिहू नका, त्याचा पुढे काही उपयोग होत नाही, "डाव्या पायाने लांब पास, दबावाखालीही घाबरत नाही" असं काहीतरी लिहा. दर सहा महिन्यांनी ती नावं सर्च करा, कोण सीनियर टीममध्ये आला, कोण लोनवर (तात्पुरता दुसऱ्या क्लबात) गेला, कोण गायब झाला. तुम्ही लिहिलेली बरीचशी नावं दुसऱ्या-तिसऱ्या डिव्हिजनमध्येच सापडतील, त्यात तुमची नजर वाईट असं काही नाही, फुटबॉलच तसा आहे. २०१७ च्या भारतीय टीममध्ये आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तो पुढे आयएसएल (इंडियन सुपर लीग) खेळला, आणि पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉल मॅच बघत मोठं झालेल्या कोल्हापूरकरांना त्याचं करिअर फॉलो करायला कोणी सांगावं लागत नाही.

भारताचं काय असं विचारणाऱ्यांसाठी, २०१७ ला यजमान म्हणून थेट एंट्री होती, एरवी अंडर-१७ एशियन कपमधून जावं लागतं. त्यात १६ टीम असतात आणि २०२५ ला क्वार्टरफायनल गाठणाऱ्यांना वर्ल्ड कपचं तिकीट मिळालं होतं. नोव्हेंबर २०२५ ला अहमदाबादेत आपल्या अंडर-१७ पोरांनी इराणला २-१ हरवून एशियन कप गाठला, कोच गोव्याचे बिबियानो फर्नांडिस, एक गोल खाऊन मग दोन मारले. ही मॅच किती जणांनी लाइव्ह बघितली कोण जाणे. तेव्हा वर्ल्ड कपची वाट बघत बसण्यापेक्षा कॅलेंडरमध्ये आधी एशियन क्वालिफायरच्या तारखा टाका, त्या टीमची यादी काढा आणि जन्मतारखेपासून सुरू करा.