फंडेड पीएचडी घेताना फिल्डचा खर्च आधी विचारा

उष्णकटिबंधीय आजारांवरच्या पीएचडीची ‘पूर्ण फंडेड’ जागा दिसली की आपण आधी स्टायपेंडचा आकडा बघतो. मीही तेच केलं. रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं, की फी आणि राहण्याखाण्याचे पैसे आहेत, पण नमुने गोळा करायला दमडीही नाही. गाडी, डिझेल, मदतनीसांचे पगार हे सगळं वेगळ्या ग्रँटमधून उभं करायचं होतं. त्यात जवळजवळ वर्ष गेलं.

हा फक्त हिशेबाचा प्रश्न नाही. माझं काम शाळकरी मुलांमधल्या जंतांवर होतं. शौचातली जंतांची अंडी मोजण्याच्या काटो-कॅट्झ पद्धतीत साच्यात ४१.७ मिलिग्रॅम शौच भरतात, वर ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सेलोफेनचा तुकडा दाबतात आणि मायक्रोस्कोपखाली अंडी मोजतात. आकड्याला २४ ने गुणलं की ग्रॅममागे किती अंडी ते कळतं. पण हुकवर्म या रक्त शोषणाऱ्या जंताची अंडी ग्लिसरीनमध्ये लवकर दिसेनाशी होतात, म्हणून स्लाईड तासाभराच्या आत बघावी लागते. शाळेजवळ मायक्रोस्कोप आणि तो बघणारा माणूस ठेवायला पैसे नसतील, तर संध्याकाळी शहरातल्या लॅबमध्ये पोचलेली स्लाईड हुकवर्म ‘नाही’ म्हणते. आणि सकाळी ते मूल रक्त कमी झाल्याने पांढरंफटक पडलेलं तुम्ही स्वतः पाहिलेलं असतं.

म्हणून गाईडला पहिल्याच मेलमध्ये विचारा: फिल्डवर्कचे पैसे मंजूर झालेत की अजून मागायचे आहेत? यात संकोच करू नका. चांगला गाईड या प्रश्नावर खूश होतो. त्यांच्याच एखाद्या विद्यार्थ्याशीही बोलून घ्या.

जागा शोधताना लिव्हरपूल, लंडन, अँटवर्प आणि बासेल इथल्या उष्णकटिबंधीय आजारांच्या संस्थांपासून सुरुवात करता येते. बासेलच्या स्विस टीपीएच या संस्थेत काम केलं तरी पदवी बासेल विद्यापीठाची मिळते, तेव्हा प्रवेशाचे नियम विद्यापीठाचेही वाचा. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या पीएचडी योजनेत तुम्ही विद्यार्थी तर असताच, शिवाय पगारी कर्मचारीही असता. मात्र नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत जागा असलेल्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्यांना ती जागा मिळत नाही. तिथेच मास्टर्स केलेल्यांचे अर्ज या एका अटीवर अडतात.

माणसांवरच्या संशोधनाला लागणारी एथिक्सची परवानगी बहुधा दोन ठिकाणांहून लागते: तुमच्या संस्थेची आणि जिथे काम करणार त्या देशाची. नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर त्याचे करार आणखी वेगळे. माझ्या मते नमुने तिथेच तपासता येत असतील तर तिथेच तपासावेत. तिथल्या लॅबमधले लोक हे काम आपल्यापेक्षा चांगलं जाणतात, आणि पेपरवर त्यांचीही नावं यायला हवीत.

माझा प्रस्ताव मी काम करणार होते तिथल्या एथिक्स कमिटीने एकदा परत पाठवला होता. समासात एकच प्रश्न होता: जंत सापडलेल्या मुलांना औषध कोण देणार? अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, इतकी साधी गोष्ट, आणि ती माझ्या बजेटमध्ये कुठेच नव्हती. तेव्हापासून कुठलंही बजेट मांडताना मी पहिली ओळ औषधांची लिहिते.