ट्रॅकसाठी हेल्मेट घेताना: आधी आतलं लेबल, मग माप, शेवटी रंग

धुळ्यात अवधानच्या एमआयडीसीत माझं गॅरेज आहे. थंडी सुरू झाली की आपली रोजची कार घेऊन ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला, निघालेली मंडळी येतात. कुणी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला चाललेलं असतं, कुणी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला. ब्रेक ऑइल, पॅड, टायर यावर तास-तास बोलतात. मग मी विचारतो, "हेल्मेट कोणतं?" उत्तर बहुतेक वेळा एकच: "बुलेटवर घालतो तेच."

भाऊ, ते चालत नाही.

दुचाकीच्या हेल्मेटला आपल्याकडे आयएसआय खूण लागते. आयएस ४१५१ हे ते मानक, आणि १ जून २०२१ पासून ती खूण नसलेलं दुचाकी हेल्मेट बनवायला किंवा विकायला बंदी आहे. धुळे-शिरपूर रस्त्यावर तेच घालायचं, त्यात वाद नाही. पण बंद गाडीत मार वेगळा बसतो. डोकं दाराजवळच्या खांबावर (पिलरवर) किंवा रोल केजच्या, म्हणजे आतल्या संरक्षक सांगाड्याच्या, पाइपवर आदळतं, तेही एकाच जागी दोनदा. शिवाय गाडीनं पेट घेतला तर बेल्ट सोडून बाहेर पडेपर्यंत काही सेकंद आगीतच जातात. म्हणून हेल्मेटची मानकं ठरवणाऱ्या स्नेलच्या 'एसए', म्हणजे मोटर शर्यतीच्या मानकात हेल्मेट रोल बारच्या आकारावर आपटून बघतात आणि ते पेट घेतं का, हेही ज्योत लावून तपासतात. 'एम', म्हणजे मोटरसायकलच्या मानकात आगीची परीक्षा नसते. स्नेल ही अमेरिकेतली संस्था. पीट स्नेल नावाचा हौशी ड्रायव्हर १९५६ मध्ये शर्यतीत डोक्याला मार लागून गेला. हेल्मेट त्यानं घातलेलं होतं, पण ते त्याला वाचवू शकलं नाही. १९५७ मध्ये त्याच्या जवळच्या लोकांनी ही संस्था काढली. हौशी माणसाच्या मरणातून हे मानक उभं राहिलं, म्हणून हौशी माणसानं ते हलक्यात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा दुकानात हेल्मेट हातात आलं की आधी उलटं करा. आतल्या अस्तराखाली स्नेलचं लेबल असतं: एसए २०२० किंवा एसए २०२५, सोबत अनुक्रमांक. एफआयए, म्हणजे मोटर शर्यतींची जागतिक संस्था, तिचं प्रमाणपत्र असेल तर ८८५९-२०१५ किंवा नवं ८८५९-२०२४ लिहिलेलं दिसेल. स्नेलचं एसए मानक साधारण दर पाच वर्षांनी बदलतं, आणि बरेच आयोजक चालू आणि त्याच्या आधीचं, अशी दोनच मान्य करतात. आज एसए २०१५ कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या. नुसतं 'डीओटी' लिहिलं असेल तर भुलू नका. ती अमेरिकेतल्या रस्त्यासाठीची खूण, आणि ती कंपनी स्वतःच स्वतःला देते. काही ट्रॅक डेला 'एम' चालवून घेतात. पैसे टाकण्याआधी आयोजकाला लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा.

आता माप. इथे घाई केली तर लेबल असून उपयोग नाही.

शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या बोटभर वर, कानांच्या वरून, मागे डोकं सर्वांत फुगीर असतं तिथून फिरवा. तीनदा मोजा, सर्वांत मोठा आकडा धरा. ५७-५८ सेंटिमीटरला एक कंपनी मीडियम म्हणते, दुसरी लार्ज. त्यामुळे त्या-त्या कंपनीचा तक्ता बघा. घालताना कानांना घासून गेलं पाहिजे. गाल दाबले जाऊन तोंड थोडं पुढे येतं, ते बरोबर आहे. हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा: कपाळाची कातडी सोबत सरकली पाहिजे. नुसतं हेल्मेट फिरलं तर एक नंबर कमी घ्या. मग पट्टा आवळा आणि दुसऱ्या माणसाला मागची कड धरून पुढे ओढायला सांगा. निघालं तर ते तुमचं नाही. शेवटी ते अर्धा तास डोक्यावर ठेवून बसून राहा. कपाळावर एकाच ठिकाणी ठणका लागला तर तुमच्या डोक्याचा आकार वेगळा आहे. मोठा नंबर घेऊन ते सुटत नाही, दुसरी कंपनी बघावी लागते. बालाक्लाव्हा, म्हणजे हेल्मेटखालची डोकं-चेहरा झाकणारी कापडी टोपी, घालणार असाल तर ती घालूनच बघा, चष्माही लावून बघा. अशी हेल्मेटं धुळ्या-जळगावात मिळणं अवघड आहे. पुणे-मुंबईत आधी फोन करून, तुमचा नंबर दुकानात आहे याची खात्री करून मगच निघा. किंमत दुचाकीच्या हेल्मेटच्या कित्येक पट आहे, बाहेरून मागवलं तर कस्टम ड्युटी वेगळी. तेवढ्यासाठी अलॉय व्हील पुढच्या वर्षावर ढकला.

फुल फेसच, म्हणजे हनुवटीही झाकणारं घ्या. हान्ससाठी, म्हणजे धडकेत मान सांभाळणाऱ्या साधनासाठी, स्क्रूची जागा एसए हेल्मेटात दोन्ही बाजूंना तयार असते. मात्र हान्स दोन्ही खांद्यांवरून येणाऱ्या हार्नेसबरोबरच, म्हणजे शर्यतीच्या पट्ट्यांबरोबरच काम करतं. कंपनीच्या तीन टोकांच्या बेल्टवर ते लावून काही फायदा नाही.

वापरलेलं हेल्मेट ओळखीच्या माणसाकडूनही घेऊ नये. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबून मार झेलतो आणि परत फुगत नाही. वरून कवच चकचकीत असलं तरी आत काय दबलंय, ते डोळ्यांना दिसत नाही. मार बसला की हेल्मेट बदला, आणि मार नसला तरी पाचेक वर्षांच्या वापरानंतर बदला.

आपल्याकडचा मे महिना लक्षात ठेवून एक सांगतो: उन्हात उभ्या गाडीत किंवा डिकीत पेट्रोलच्या कॅनशेजारी हेल्मेट ठेवू नका. थिनर, पेट्रोल, स्प्रे पेंट यांनी कवच आणि आतला थर दोन्ही खराब होऊ शकतात, म्हणून नाव रंगवायची हौसही आवरा. अस्तर साध्या साबणाच्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. ट्रॅकवर तपासणीला आतलं लेबल दाखवावं लागतं, तेव्हा ते घासून निघणार नाही याची काळजी घ्या. बिल आणि खोका घरी जपून ठेवा.