मूल्यांकन शिकताना: एका यंत्रापासून एका कंपनीपर्यंत

हुंडी म्हणजे ठरल्या मुदतीनंतर पैसे देण्याचा लेखी कागद. ती मुदत संपण्याआधी हुंडी वटवायला गेलेल्या व्यापाऱ्याला सराफ पूर्ण रक्कम देत नसे. उरलेल्या दिवसांचे व्याज आणि पैसे बुडण्याची धास्ती यांचा अंदाज घेऊन तो काही रक्कम कापून घेई, आणि त्या कापलेल्या रकमेला वटाव म्हणत. कंपनीच्या मालमत्तेचे किंवा गुंतवणुकीचे मूल्य काढणे म्हणजे पुढे मिळणाऱ्या रोकडीवर असाच वटाव लावणे होय. वटावाचा दर वर्षाला 12 टक्के धरला, तर पाच वर्षांनी मिळणाऱ्या 1 लाख रुपयांचे आजचे मूल्य 56,743 रुपये भरते, कारण 1 लाखाला 1.12 ने पाच वेळा भागावे लागते. हे गणित शाळकरी आहे. खरी मेहनत रोकड आणि दर हे दोन आकडे ठरवण्यात आहे.

शिकणारे बहुतेक जण थेट शेअर बाजारातील एखाद्या मोठ्या कंपनीला हात घालतात. माझ्या मते सुरुवात एका यंत्रापासून करावी, कारण तिथे प्रत्येक आकडा कोठून आला हे कारखान्यात जाऊन विचारता येते. समजा, कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीला 50 लाख रुपयांचे मोल्डिंग मशिन घ्यायचे आहे. ते पाच वर्षे चालेल आणि शेवटी 5 लाखांना विकले जाईल. वाढीव कामामुळे कर वजा जाता दर वर्षी 5 लाखांचा जादा नफा होईल, असा हिशेबनीसाचा अंदाज आहे.

इथे पहिली सवय मोडावी लागते, ती नफ्याकडे पाहण्याची. तो 5 लाखांचा नफा काढताना वर्षाला 9 लाखांचा घसारा, म्हणजे यंत्राच्या किमतीतील घट (50 उणे 5, असे 45 लाख पाच वर्षांत विभागून), आधीच वजा झालेला आहे; पण घसारा म्हणजे कोणाला दिलेले पैसे नव्हेत, म्हणून तो परत मिळवावा, आणि मग वर्षाची रोकड 14 लाख होते. (प्राप्तिकराचा घसारा पुस्तकी घसाऱ्याहून वेगळा, यंत्रांसाठी सामान्यतः घटत्या शिलकेवर, म्हणजे दर वर्षी उरलेल्या किमतीवर, 15 टक्के असतो. प्रत्यक्ष कामात कर त्यावरूनच काढावा. इथे सोपेपणासाठी दोन्ही एकच धरले आहेत.) याउलट, वाढीव कामासाठी कच्चे लोखंड जास्त साठवावे लागेल आणि ग्राहकांकडे उधारी वाढेल. त्यात अडकणारे 4 लाखांचे खेळते भांडवल नफा-तोटा पत्रकात कुठेच दिसत नाही, पण ते आज खिशातून जाते आणि पाचव्या वर्षाच्या अखेरीस सुटते. मशिन घ्यावे की नाही हे ठरवण्यासाठी सल्लागाराला आधीच दिलेली फी मात्र हिशेबात धरू नये, कारण निर्णय काहीही झाला तरी ती परत येणार नाही.

कर्जावरील व्याज या रोकडीतून वजा करायचे नाही. हिशेबाच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला हे सर्वांत जड जाते, पण व्याजाचा भार वटाव दरात आलेला असतो आणि तो दोनदा मोजला की चांगला प्रकल्पही तोट्याचा दिसतो. दर असा निघतो: फाउंड्रीचे 40 टक्के भांडवल 10 टक्के व्याजाच्या कर्जाचे आहे आणि कर 25 टक्के धरला, तर व्याजावर करात मिळणाऱ्या सवलतीमुळे त्या कर्जाचा खरा खर्च 7.5 टक्के पडतो. उरलेले 60 टक्के मालकांचे आहे आणि तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या धंद्यात त्यांना 15 टक्के सुटले असते. दोहोंची भारित सरासरी 12 टक्के येते. मालकांच्या पैशाला काही खर्च नसतो, असे समजणारे उद्योजक आजही भेटतात; त्यांना हा 15 टक्क्यांचा आकडा पटवणे हे मूल्यांकनातील निम्मे काम असते.

आता मांडणी करू. दर वर्षाच्या 14 लाखांचे पाच वर्षांचे आजचे मूल्य 50.47 लाख. पाचव्या वर्षी मिळणाऱ्या 5 लाख आणि 4 लाख अशा 9 लाखांचे आजचे मूल्य 5.11 लाख. बेरीज 55.57 लाखांच्या आसपास, आजचा खर्च 54 लाख, म्हणजे निव्वळ आजचे मूल्य सुमारे 1.57 लाख आणि मशिन घेण्याजोगे. खेळते भांडवल विसरलो असतो, तर हाच आकडा 3.30 लाख दिसला असता. एक्सेलमध्ये हे करताना एक खोड लक्षात ठेवावी: तिथले एनपीव्ही (निव्वळ आजच्या मूल्याचे) सूत्र पहिली रक्कम पहिल्या वर्षाच्या अखेरीची समजते. आजचा खर्चही त्यातच टाकला, तर उत्तर 1.57 ऐवजी 1.41 लाख येते. म्हणून तो सूत्राबाहेर ठेवून वेगळा वजा करावा.

एवढ्यावर थांबणाऱ्याला मूल्यांकन येते असे मी म्हणणार नाही. दर 12 ऐवजी 14 टक्के धरून पाहा: उत्तर उणे 1.26 लाख होते. दर 12 वरच ठेवून वार्षिक रोकड 14 वरून 13.5 लाखांवर आणा: तरीही ते शून्याखाली जाते. वर्षाला अवघ्या 50 हजारांच्या चुकीने निर्णय फिरत असेल, तर मालकासमोर 1.57 लाख हा आकडा एकटा ठेवणे अप्रामाणिकपणाचे आहे. तो कोणत्या गृहीतकावर टेकलेला आहे, हेही त्याच कागदावर लिहावे.

कंपनीचे मूल्य याच रीतीने काढतात, फक्त तिला पाच वर्षांनी भंगारात काढता येत नाही. म्हणून काही वर्षांची रोकड स्वतंत्र मांडून पुढच्या अनंत काळासाठी एक सूत्र वापरतात: त्यानंतरच्या वर्षाची रोकड भागिले (वटाव दर उणे रोकडीच्या वाढीचा दर). रोकड 10 कोटी, दर 12 टक्के आणि वाढ 5 टक्के असेल, तर मूल्य 142.86 कोटी, वाढ 6 टक्के धरली, तर 166.67 कोटी, आणि सोबत दरही 11 टक्के केला, तर थेट 200 कोटी. एखाद्याला हवे ते उत्तर काढायचे असेल, तर तो हात इथेच मारतो, हे दुसऱ्याचा अहवाल वाचताना लक्षात ठेवावे. आलेल्या मूल्यातून कर्ज वजा करून हातातील रोकड मिळवली, म्हणजे भागधारकांचा वाटा उरतो.

तशाच दुसऱ्या कंपन्यांच्या भावाशी तुलना करून उत्तर पडताळता येते, पण बाजारच तापलेला असेल, तर तुलनाही तापलेलीच निघते. लिलावाचे तर विचारूच नये. टाटा स्टीलने ऑक्टोबर 2006 मध्ये कोरस या युरोपीय पोलाद कंपनीसाठी प्रति शेअर 455 पेन्स देऊ केले होते. ब्राझीलची सीएसएन ही पोलाद कंपनी स्पर्धेत उतरली आणि 31 जानेवारी 2007 रोजी तिच्या 603 पेन्सवर 608 पेन्सची बोली लावून टाटांनी कोरस जिंकली. सुमारे तीन महिन्यांत बोली एक तृतीयांशाने वाढली. कोरसच्या भट्ट्यांतून पुढे मिळणारी रोकड तेवढ्याने वाढली होती का, हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः सोडवून पाहण्यासारखा आहे. 2008 च्या मंदीनंतर युरोपातील पोलादाची मागणी घसरली आणि 2013 मध्ये टाटा स्टीलने सुमारे 1.6 अब्ज डॉलरची, प्रामुख्याने युरोपीय व्यवसायाशी निगडित, मूल्यघट (मालमत्तेची किंमत कमी झाल्याची नोंद) पुस्तकात दाखवली.

सरावासाठी एखाद्या नोंदणीकृत कंपनीचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्यावेत आणि गणित उलटे करावे. सर्व शेअरचे बाजारमूल्य आणि निव्वळ कर्ज (कर्ज उणे हातातील रोकड) मिळून 200 कोटी होत असतील, पुढच्या वर्षाची रोकड 10 कोटी असेल आणि दर 12 टक्के असेल, तर त्या भावात 7 टक्के वाढ कायमची धरलेली आहे. मग त्या कंपनीची मागील पाच वर्षांची रोकड काढून पाहावी, आणि ती 7 टक्क्यांनी एकदा तरी वाढली होती का, ते तपासावे.