रखडलेला पोलिसपट पुन्हा हाती घेताना

आमच्या सिनेमाचा पहिला क्लॅप पडला 2016 च्या दिवाळीच्या तोंडावर, शेवटचा पडला 2025 च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात निर्माता बदलला, दोनदा शूटिंग बंद पडलं, हिरोच्या मुलीचं काम करणारी आठ वर्षांची पोर कॉलेजात जायच्या वयाची झाली. मी या सिनेमाची कंटिन्युइटी बघते. म्हणजे आधीच्या शॉटमध्ये हवालदाराच्या डाव्या हातात काठी होती, तर पुढच्या शॉटमध्येही डाव्याच हातात राहील, एवढं बघायचं. नऊ वर्षं पसरलेल्या सिनेमात हे काम कसं करायचं, ते कुणी शिकवत नाही. पंचवटीतल्या आमच्या घराचा माळा खाकी वर्द्यांनी भरलाय, तेवढ्या हक्कावर सांगते.

आधी आपला सिनेमा कुठल्या जातीचा रखडलाय ते ओळखा. काही सिनेमे पूर्ण होऊन अडकतात. ‘ब्लॅक फ्रायडे’ 2004 मध्ये तयार होता, पण 1993 च्या स्फोटांचा खटला चालू असल्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाने प्रदर्शन थांबवलं आणि तो 2007 च्या फेब्रुवारीत लागला. ‘सूर्यवंशी’ 24 मार्च 2020 ला येणार होता, आला 5 नोव्हेंबर 2021 ला. अशा सिनेमाला फक्त धीर लागतो, आणि व्याज भरायला पैसे. आपला अर्धवट शूट होऊन पडलेला असेल, तर गोष्ट वेगळी. तो डब्यात पडल्या पडल्या म्हातारा होत असतो.

म्हणून नव्या शेड्यूलची तारीख काढण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: गोष्ट कुठल्या साली घडते? ‘आजच्या काळात’ हे उत्तर चालणार नाही. पहिल्या शेड्यूलला आमच्या स्क्रिप्टवर तेच लिहिलं होतं, आणि दर शेड्यूलला ‘आज’ पुढे सरकत गेला. साल ठरवायची माझी रीत सोपी आहे. जे सीन पुन्हा शूट करणं परवडणारच नाही, ते ज्या साली झाले, ते गोष्टीचं साल. आमचा बाजारातला स्फोट आणि नाशिकच्या द्वारका चौकापासून त्र्यंबकपर्यंतचा पाठलाग 2016 चा. तीन कॅमेरे, दोन जळालेल्या गाड्या. ते पुन्हा होणे नाही. मग सिनेमा 2016 चा. हे एकदा ठरलं की निम्मी भांडणं मिटतात, उरलेली निम्मी सुरू होतात.

सगळ्यात जास्त चुका संवादात निघतात, कारण तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं 302 जाऊन 103 आलं, फसवणुकीचं 420 जाऊन 318. नव्या निर्मात्याने हौसेने सगळे संवाद नव्या कलमांत बदलून आणले होते. मी म्हटलं, साहेब, गुन्हा 2016 ला घडतोय, तो जुन्याच कलमांखाली नोंदला जाणार. परत 302 करावं लागलं. ते कानालाही बरं लागतं, हे वेगळं. दहशतवादाच्या गोष्टीत तर कायदा साल बघूनच निवडायचा: टाडा 1995 ला संपला, मोक्का 1999 चा, पोटा 2002 ते 2004, आणि एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणा, 2008 च्या शेवटी, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर. महाराष्ट्राचं एटीएस, म्हणजे दहशतवादविरोधी पथक, 2004 चं. फ्लॅशबॅक 1993 चा आणि मागे एटीएस लिहिलेलं जॅकेट, असा शॉट आमच्याकडेही होता. काढला.

हद्दही बघा. पाठलाग द्वारकाला सुरू होतो तेव्हा नाशिक शहर आयुक्तालय आहे. तिथे डीसीपी, एसीपी म्हणायचं. त्र्यंबकला पोचेपर्यंत नाशिक ग्रामीण लागलेलं असतं. तिथे एसपी आणि डीवायएसपी. जीपच्या दारावरची अक्षरंही बदलतात. मुंबईच्या प्रेक्षकाला कळणार नाही, पण आपली पोलीस अकादमी त्र्यंबक रोडलाच आहे. पहिल्या दिवशी थिएटरात निम्मे तिथले पोलीसच बसलेले असतील, आणि ते हसतील.

आता नोटा. 2016 ला अतिरेक्यांच्या पैशांची बॅग उघडते तो शॉट आम्ही घेतला, त्यात जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा होत्या. आठवड्याभरात 8 नोव्हेंबरची रात्र आली. नोटा गेल्या, निर्मात्याचा फायनान्सर गेला, शूटिंग बंद. 2019 ला पुन्हा उभं राहिलो तेव्हा तीच बॅग दुसऱ्या खोलीत उघडते, आणि आत गुलाबी दोन हजार! प्रॉपवाल्याने बाजारात मिळाल्या त्या भरल्या. रशेस, म्हणजे शूट झालेलं कच्चं फुटेज, बघताना मीच पकडलं, पण तोवर सेट मोडला होता. तो सीन 2024 ला तिसऱ्यांदा केला. खऱ्या जुन्या नोटा मात्र भंगारवाल्याकडून गोळा करायला जाऊ नका. 2017 च्या कायद्याने त्या दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे. अभ्यासक किंवा संग्राहक असाल तर पंचवीसपर्यंत. आम्ही ‘मनोरंजन बँक’ छापलेल्या नोटा वापरल्या आणि बॅग फक्त बोटभर उघडली.

तीच गत रस्त्यांची. 2019 च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली, त्यामुळे फ्रेममध्ये येणाऱ्या नाशिकच्या प्रत्येक एमएच 15 गाडीवर नजर ठेवायची. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा पट्टा स्मार्ट रोड झाला, तो 2016 म्हणून दाखवता येत नाही. आता 2027 च्या कुंभमेळ्याची कामं निघाली आहेत, ती वेगळीच. मी सांगेन, बाहेरचं शूट शक्यतो जुन्या नाशकात उरकावं. भद्रकालीतल्या एखाद्या बोळात कॅमेरा खाली ठेवला की साल कुठलंही वाटतं, फक्त दुकानांच्या पाट्या आणि काउंटरवरचे क्यूआर कोड झाका. आम्ही ते कोड उदबत्तीच्या पुड्यांनी झाकले.

डोंगर मात्र झाकता येत नाहीत. दिवाळीत अंजनेरीचा उतार हिरवा-पिवळा असतो, गंगापूर धरण काठोकाठ भरलेलं. उन्हाळ्यात तोच डोंगर तपकिरी आणि पाणी कुठल्या कुठे आत गेलेलं. मेमध्ये जाऊन शूट करू, रंग नंतर मशीनवर बदलू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. गवत हिरवं करता येतं, पण पाण्याची रेघ वर आणायला वेगळे पैसे लागतात. आम्ही ऑक्टोबरपर्यंत थांबलो. नऊ वर्षांत चार महिने म्हणजे काही नाही.

वर्द्या हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. शूटिंग थांबलं की कपडे धुऊन, स्टार्च न लावता ट्रंकेत ठेवायचे. स्टार्च राहिला की झुरळं आणि कसर लागते. मी कडुलिंबाचा सुका पाला घालते. बेल्ट, बूट, नेमप्लेट, शिट्टीची दोरी आणि बक्कल नंबर प्रत्येकाच्या वेगळ्या पिशवीत, वर सीन नंबर. खाकीचा रंग उडतो तो सगळ्यांचा सारखा उडत नाही, म्हणून नवी वर्दी शिवाल तेव्हा जुनीचा तुकडा दाखवून कापड घ्या आणि चार-पाच धुणी काढून मगच अंगावर चढवा. आमच्या हिरोचं पोट तर दोन इंच पुढे आलं. ड्रेसदादा म्हणाले, “ताई, शिवण उसवून देतो, पण बटणं कुठून सरकवू?” शेवटी कंबर दिसेल असे शॉटच घेतले नाहीत, आणि बाकी ठिकाणी त्याला साध्या कपड्यात ठेवलं. एटीएसचे अधिकारी तसेही बरेचदा साध्या कपड्यातच असतात.

हुद्दा बदलू देऊ नका. ‘एपीआय नको, डीसीपी करू, भारदस्त वाटेल’ असं एक दिवस कुणीतरी म्हणणारच. एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) आणि पीआय (पोलीस निरीक्षक) दोघांच्याही खांद्यावर तीन स्टार, फरक फितीचा. तेवढं जमवता आलं असतं. डीसीपीला अशोकस्तंभ येतो. जुन्या शॉटमध्ये तो कुठून आणणार?

सेटवरच्या एका गोष्टीत मी कडक आहे. वर्दीवर जॅकेट चढवल्याशिवाय कुणी चहाला जायचं नाही. आमचा एक ज्युनियर आर्टिस्ट त्र्यंबक रोडवर टपरीशी नुसता उभा राहिला, तर एका टेम्पोवाल्याने गाडी बाजूला घेऊन लायसन्स काढून दाखवलं. आमचा माणूस नुसता हसला म्हणून निभावलं. पैसे मागितले असते तर सरळ गुन्हा. अतिरेक्यांचं काम करणाऱ्यांना तर गाडीतून उतरूच द्यायचं नाही. परवानगीचं पत्र पोलीस ठाण्याला दिलंय एवढ्यावर थांबू नका, सरपंच आणि पोलीसपाटलांनाही आदल्या दिवशी भेटून या. पहिल्या शेड्यूलला आम्ही भेटलो नव्हतो. रबराच्या एके-47 घेऊन चौघं धरणाकडे चालले होते, पाऊण तासात खरे पोलीस हजर.

फुटेजच्या तीन प्रती तीन घरांत ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी डिस्क लावून उघडून बघा. आमची एक डिस्क गेली, दुसरी पहिल्या एडिटरकडे अडकून होती. त्याचे पैसे दिले नव्हते, त्याने डिस्क दिली नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिसरी माझ्या कपाटात साड्यांखाली होती, तिच्यावर सिनेमा उभा आहे.

मुलीचं काय केलं, असं सगळे विचारतात. तिचे सीन जसे होते तसेच ठेवले आणि राहिलेले दोन फोनवर नेले. आवाज तिच्या धाकट्या बहिणीचा आहे.

आता सिनेमा सेन्सॉरकडे जाईल. तिथून एखादा कट आला तर जोडायला पॅचवर्क, म्हणजे थोडं नवं शूट, लागतं, आणि पॅचवर्क म्हणजे पुन्हा तीच वर्दी. आई दर रविवारी विचारते, माळा कधी रिकामा होणार? पापड-कुरडयांचे डबे यंदाही खालीच ठेवलेत.