आरसी विमानासाठी बॅटरी आणि स्विच कसे निवडावेत

हवेत इंजिन बंद पडले तरी आरसी, म्हणजे रेडिओने चालवायचे, विमान तरंगत मैदानावर आणता येते. विमानातल्या रिसीव्हरची, म्हणजे रेडिओचे इशारे पकडणाऱ्या यंत्राची, वीज गेली तर हातातल्या ट्रान्समीटरचा काही उपयोग नसतो. विमान जाईल तिकडे जाते, आणि ते जिथे पडेल तिथे माणसे असू शकतात. तरीही इंजिन आणि सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते पृष्ठभाग आणि थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरी) निवडताना आठवडेच्या आठवडे घालवणारे लोक बॅटरी आणि स्विच मात्र दुकानात जे हाताला लागेल ते उचलतात. बॅटरी, वायर, स्विच, कनेक्टर, रिसीव्हर ही एकच साखळी आहे. तिच्यातून किती करंट जाणार हे कळल्याशिवाय कुठलीच कडी निवडता येत नाही.

खाली दोन विमाने डोळ्यासमोर ठेवली आहेत. पहिले शिकाऊ विमान: ०.४६ घनइंचाचे ग्लो इंजिन, पाच साधे सर्व्हो. दुसरे कसरतीचे: ५० सीसी पेट्रोल इंजिन, सव्वादोन मीटर पंखविस्तार, सात ताकदवान डिजिटल सर्व्हो.

आधी करंट मोजा

साधा सर्व्हो नुसता बसलेला असताना १० मिलीअँपिअरच्या आसपास घेतो, हलताना १५० ते २५०, आणि अडकला तर ७०० मिलीअँपिअर ते १ अँपिअर. ताकदवान डिजिटल सर्व्हो अडकल्यावर अडीच-तीन अँपिअर सहज ओढतो.

बॅटरी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये कमाल आकडा धरून ठेवणारा वॉटमीटर जोडा. दोन्ही स्टिक दहा सेकंद जोरात फिरवा आणि तो आकडा टिपा. शिकाऊ विमानात तो दीड-दोन अँपिअर भरेल, कसरतीच्या विमानात क्षणभर आठ-दहापर्यंतही जाईल. जमिनीवर पृष्ठभागांना हवेचा रेटा नसतो, म्हणून मिळालेल्या आकड्याच्या दीडपट धरून पुढचे सामान घ्या. स्टिक मध्यावर असतानाही एखादा सर्व्हो गुणगुणत असेल तर बॅटरी मोठी करण्याआधी त्याची पुशरॉड, म्हणजे सर्व्होला पृष्ठभागाशी जोडणारी दांडी, सुधारा. कुठेतरी घासतेय.

क्षमतेचा हिशेब वेगळा आहे. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लावून दहा मिनिटांची दोन उड्डाणे करा, मग चार्जरने किती एमएएच (मिलीअँपिअर-तास) परत भरले ते पाहा आणि दोनने भागा. शिकाऊ विमानात उत्तर ६० ते ८० येते, कसरतीच्या विमानात दोनशे किंवा त्याहून जास्त. बॅटरीवर छापलेल्या आकड्यापैकी ६० टक्केच वापरायचे, असे ठरवून उड्डाणे मोजा.

बॅटरीचा प्रकार

शिकाऊ विमानाला निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे एनआयएमएच, पुरते. पण चार सेलचा ४.८ व्होल्टचा पॅक घेऊ नका, पाच सेलचा ६ व्होल्टचा घ्या. चार सेलच्या पॅकमध्ये एक सेल शॉर्ट झाला की ३.६ व्होल्ट उरतात. २.४ गिगाहर्ट्झचे बरेच रिसीव्हर साडेतीन व्होल्टच्या आसपास बंद पडून पुन्हा सुरू होतात, आणि त्या वेळात विमान तुमचे नसते. पाच सेलमधला एक गेला तरी ४.८ उरतात, तेवढ्यावर उतरता येते.

सेल कमी स्वयं-डिस्चार्ज होणारे हवेत. सान्योने २००५ मध्ये एनेलूप आणले तेव्हापासून असे सेल सर्रास मिळतात. २००० एमएएचचा असा सेल २७०० छापलेल्या साध्या सेलपेक्षा चांगला. छापील क्षमता वाढवलेल्या सेलचा अंतर्गत रोध बहुधा जास्त असतो, शिवाय तो कपाटात पडल्यापडल्या रिकामा होतो. सेल टॅब, म्हणजे धातूच्या पट्ट्या, वेल्ड करून जोडलेले असावेत. स्प्रिंगच्या डब्यात बसवलेले सेल विमानात चालतच नाहीत, कारण इंजिनाच्या थरथरीने स्प्रिंगवरचा सेल क्षणभर सुटतो.

कसरतीच्या विमानाला आमची पहिली पसंती दोन सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट पॅकला, ज्याला सगळे लाइफ म्हणतात. व्होल्टेज ६.६, पूर्ण चार्ज झाल्यावर ७.२. बऱ्याच आधुनिक सर्व्होंना तो थेट चालतो, मध्ये व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर लागत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. चार्जर लाइफ मोडवरच ठेवा. लायपो (लिथियम पॉलिमर) मोडमध्ये तो प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत रेटतो आणि पॅक खराब होतो. दुसरे, लाइफचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहते. मीटरवर ६.६ दिसतात म्हणून बॅटरी भरलेली आहे असे समजणारा फसतो. इथे परत भरलेले एमएएच मोजणे हाच भरवशाचा मार्ग.

लायपो आणि लिथियम-आयनचे दोन सेल पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देतात. ते थेट लावायचे असतील तर विमानातला प्रत्येक सर्व्हो ८.४ व्होल्टचा हवा. सहसा थ्रॉटलचा जुना सर्व्हो विसरला जातो आणि तोच जळतो. रेग्युलेटर लावणार असाल तर उष्णतेचा हिशेब करा. लिनियर रेग्युलेटर ८.४ चे ६ करताना ३ अँपिअरवर सात वॉटहून जास्त उष्णता बाहेर टाकतो. फोममध्ये गुंडाळलेला असा रेग्युलेटर तापून बंद पडतो, तेव्हा तो हवा लागेल अशाच जागी बसवा.

वायर

गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक. साध्या २६ गेज वायरचा रोध मीटरला सुमारे १३४ मिलीओहम, २२ गेजचा सुमारे ५३. बॅटरीपासून रिसीव्हरपर्यंत ३० सेंटिमीटर म्हणजे जाऊन-येऊन ६०. चार अँपिअरवर २६ गेजमध्ये ०.३२ व्होल्ट गळतात, २२ गेजमध्ये ०.१३. म्हणून २२ गेज घ्या किंवा २० गेज, आणि लांबी गरजेपुरतीच ठेवा. सर्व्होचा नेहमीचा तीन पिनांचा कनेक्टर सलग तीन ते पाच अँपिअरच्या पलीकडे नेऊ नये. कसरतीच्या विमानात म्हणूनच एका कनेक्टरवर काम भागत नाही.

स्विच

साध्या सरकत्या स्विचमध्ये पितळी किंवा तांब्याची छोटी पट्टी दोन संपर्कांवर सरकते. तिच्यावर तेलाचा थर बसतो, दमट हवेत ती काळी पडते आणि थरथरीने झिजते. स्विच एकदम मरत नाही. त्याचा रोध हळूहळू चढत जातो, आणि सर्व्होंनी एकदम करंट मागितला त्या क्षणी व्होल्टेज कोसळते. घेताना स्विचमध्ये संपर्कांच्या दोन जोड्या आहेत का आणि दोन्ही समांतर जोडल्या आहेत का ते पाहा. एक निकामी झाली तर दुसरी काम करते.

नवा स्विचसुद्धा तपासूनच बसवा:

१. रिसीव्हरकडच्या टोकाला लाल आणि काळ्या वायरमध्ये ५.६ ओहम, १० वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर जोडा. ६ व्होल्टवर तो अँपिअरभर करंट घेतो.

२. मल्टिमीटर डीसी मिलीव्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या लाल पिनवर, दुसरे रेझिस्टरच्या लाल टोकावर.

३. स्विच चालू करून वाचा. ६० मिलीव्होल्टच्या आत आकडा उत्तम. १०० च्या वर गेला तर स्विच बाद.

४. चालू स्थितीतच दांडी बोटाने हलकेच डावी-उजवी डोलवा. आकडा उडी मारत असेल तर तो स्विच कितीही नवा असला तरी विमानात जाऊ देऊ नका.

रेझिस्टर चांगलाच तापतो. दहा सेकंदांत काम आटोपा आणि त्याला हात लावू नका.

बसवताना सगळ्यात जास्त चुका होतात त्या भोकात. बाल्सात कापलेली खाच अर्धा मिलिमीटर जरी तोकडी पडली तरी दांडी लाकडाला टेकते आणि शेवटपर्यंत सरकत नाही. वरून स्विच चालू दिसतो, आत पट्टी संपर्काच्या कडेवर कशीबशी टेकलेली असते. खाच दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर जास्त ठेवा आणि स्क्रू आवळल्यावर दांडी टोकापर्यंत जाते ना ते भिंगाने पाहा. स्विच सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला हवा. विमान उचलताना हात जिथे पडतो तिथे तो नसावा.

डिजिटल सर्व्हो असतील तर इलेक्ट्रॉनिक स्विच घ्या. जर्मनीतील पॉवरबॉक्ससारख्या कंपन्या ते बनवतात. करंट मॉसफेटमधून, म्हणजे एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरमधून, जातो आणि बाहेरचे बटण फक्त इशारा देते. निवडायचा तो असा, की बटणाची वायर तुटली तरी तो चालूच राहील. खात्री करणे सोपे आहे: स्विच चालू करा आणि बटणाचा प्लग उपटा. रिसीव्हर बंद पडला तर तो स्विच परत करा. असे स्विच बंद असतानाही थोडा करंट घेत राहतात, त्यामुळे घरी आल्यावर बॅटरीचा प्लग काढून ठेवा.

दोन बॅटऱ्या

कसरतीच्या विमानात एकसारख्या दोन बॅटऱ्या, दोन स्विच आणि रिसीव्हरच्या दोन वेगवेगळ्या खाचांत जाणाऱ्या दोन वायरी ठेवा. रिसीव्हरच्या आत सगळ्या खाचांचे प्लस-मायनस एकच असतात, त्यामुळे मोकळी असलेली कुठलीही खाच चालते. एक पॅक शॉर्ट झाला तर दुसरा त्यात रिकामा होऊ नये म्हणून मध्ये करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड किंवा तयार वेगळा करणारा मॉड्यूल घाला. शॉट्की डायोडवर ०.२ ते ०.४ व्होल्ट जातात, तेवढे हिशेबात धरा. दर दिवशी पहिल्या उड्डाणाआधी एकेक स्विच एकट्याने चालू करून सर्व्हो हलवा. नाहीतर एक बॅटरी महिनाभर मेलेली असते आणि कळतही नाही.

पेट्रोल इंजिनाच्या इग्निशनला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेला, स्वतंत्र बॅटरी आणि स्वतंत्र स्विच लागतो. तो रिसीव्हरपासून निदान ३० सेंटिमीटर दूर बसवा.

मैदानावर आणि पावसाळ्यात

उडवण्याआधी व्होल्टेज लोड लावून पाहा. पाच सेलचा पॅक अँपिअरभर लोडवर ६ व्होल्टच्या खाली गेला तर त्या दिवशी उड्डाण नाही.

जून ते सप्टेंबर विमाने पडून राहतात. लायपो दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा आणि सगळ्या बॅटऱ्या विमानातून बाहेर काढा. कोकणात आणि मुंबईत खारी, दमट हवा स्विचचे संपर्क खाते. जुन्या निकेल पॅकची काळी वायर आतून सडते, म्हणून तिचे आवरण सेंटिमीटरभर सोला. तांबे चकचकीत नसून काळे निघाले तर वायर टोकापासून टोकापर्यंत बदला. पावसाळ्यानंतर पहिल्या उड्डाणाआधी मिलीव्होल्टची चाचणी पुन्हा करा. आकडा १०० च्या वर गेलेल्या स्विचवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो परत बसवू नका, कापून फेकून द्या.