सीएनसी लेथवरच्या ऑपरेटरची कंबर वाचवायची तर आधी बिन वर घ्या

सीएनसी लेथ म्हणजे संगणकावर चालणारं कातकामाचं यंत्र. त्यावर १२ किलोचं कास्टिंग (ओतीव भाग), एका नगाला २ मिनिटांची सायकल, जेवण-चहा वगळून ४५० मिनिटं काम. म्हणजे शिफ्टला २२५ जॉब (नग), प्रत्येक एकदा चढवायचा, एकदा उतरवायचा. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या ऑपरेटरला हा हिशेब नवा नाही: दिवसाला ५.४ टन माल हातांवरून जातो. अशा वेळी ‘गुडघ्यात वाकून उचला’ एवढं सांगून भागत नाही. माल ठेवायच्या पेटीची, म्हणजे बिनची, कड आडवी येते, गुडघे पुढे जातच नाहीत, माणूस कमरेतूनच वाकतो. दोष त्याच्या सवयीचा नाही, बिनच्या जागेचा आहे.

टेप घेऊन दोन मापं काढा. दोन घोट्यांच्या मध्यापासून हाताच्या पकडीपर्यंतचं आडवं अंतर आणि जमिनीपासून पकडीची उंची. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र सगळं अनुकूल असताना २३ किलोपासून सुरू होतं; आडवं अंतर २५ सेंमीचं ५० झालं की ते निम्म्यावर येतं. बिनच्या तळाशी उंची १५ सेंमी, अंतर ५० सेंमी, तिथून जॉब मशीनवर १०५ सेंमी उंचीपर्यंत न्यायचा आणि मिनिटाला एक उचल धरली, तर मर्यादा जेमतेम ६ किलो. तोच जॉब ७५ सेंमी उंचीवर आणि ३० सेंमी अंतरावर आणला तर साधारण १४ किलो. वजन तेच, माणूसही तोच.

त्यासाठी अँगलचा ६० सेंमी उंच स्टँड बनवून जमिनीला बोल्ट करा. पुढून खाली १०-१५ सेंमी मोकळं ठेवा, म्हणजे पावलं आत जातात आणि माणूस मालाजवळ उभा राहतो. बिनची पुढची बाजू बिजागरीवर खाली पडणारी हवी. माल ४५ सेंमीच्या वर भरू नका, नाहीतर वरचा थर छातीपर्यंत जातो आणि कंबर सुटून खांदे धरतात. साधा हँड पॅलेट ट्रक एवढा वर उचलत नाही, फोर्कलिफ्ट लागेल. पैसे असतील तर स्प्रिंग टेबल घ्या. माल कमी होईल तसं ते आपोआप वर येतं.

वेळ वाचावा म्हणून बिन मशीनला अगदी खेटून ठेवतात, आणि इथेच घोळ होतो. पाय जागेवर राहतात, धड वळतं. ९० अंश वळून उचललं की त्या १४ किलोंचे १० होतात. बिन पाऊल-दीड पाऊल लांब ठेवा, म्हणजे पाय उचलावाच लागतो.

चककडे (मशीनमध्ये जॉब पकडणारा भाग) झुकतानाचं अंतर वेगळं मोजा. ते ३०-३२ सेंमीच्या पुढे गेलं तर १२ किलोचा जॉब मर्यादेबाहेर जातो. तिथे जिब क्रेन (फिरत्या हाताची छोटी क्रेन) किंवा हॉइस्ट (वजन वर खेचणारं यंत्र) हवा. त्याऐवजी कंबरेचा पट्टा देऊन खर्च वाचवू नका: निरोगी कामगाराची दुखापत पट्ट्याने टळते असा पुरेसा पुरावा नाही, हे नायॉशने १९९४ मध्येच सांगितलं होतं.

डिबरिंगचं (जॉबच्या धारदार कडा घासून काढायचं) टेबल कोपराच्या ५-१० सेंमी खाली ठेवा; जोर लावून कानस मारायची असेल तर आणखी खाली. टेबल उंच माणसाच्या मापाचं करा, बुटक्याला पायाखाली फळी द्या.

दुखणं लवकर ओळखा. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. कळ गुडघ्याखाली उतरत असेल तर डॉक्टर गाठा. पाय लुळा पडला, लघवी अडली किंवा सुटली, बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) दवाखान्यात नुसतं ‘कंबर दुखते’ म्हणू नका. जॉबचं वजन आणि शिफ्टला किती उचली होतात, ते केसपेपरवर लिहून घ्या.