कॉट नाही, माणूस बघा

फिजिओथेरपी संपवून नाशिकच्या एका सर्जिकल आयसीयूत रुजू झाले, तेव्हा पेशंटला वळवणं-बसवणं हे सिस्टरांचं काम, असा माझा समज होता. आठवडाभरात तो उतरला.

निफाडचे एक द्राक्ष बागायतदार काका. आतडं फुटलं म्हणून पोट उघडावं लागलेलं. श्वासाची नळी निघून दुसरा दिवस. कॉटची डोक्याकडची बाजू अगदी ३० अंशांवर, पण ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, ९० च्या वर जाईना. सीनियर सिस्टरनं चादर बाजूला केली. काका वीतभर खाली घसरलेले, त्यामुळे कमरेऐवजी पोटातच वाकलेले. वॉर्डातल्या मामांना हाक मारून तिनं काकांना ड्रॉशीटनं, म्हणजे अंगाखालच्या आडव्या चादरीनं, वर ओढलं, गुडघ्यांखाली उशी दिली. "ताई, कॉट नाही, माणूस बघा." थोड्या वेळात ९४.

कारण साधं आहे. उताणं झोपलं की पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात आणि श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा, म्हणजे आपली एफआरसी, उभ्या माणसापेक्षा अर्धा ते एक लिटरनं घटते. भुलीनं आणखी कमी होते. त्यात टाके दुखतात म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो. मग पाठीकडचा भाग मिटतो. तिथं रक्त पोचतं, हवा पोचत नाही. घसरलेला पेशंट ३० अंशांतही हेच भोगतो.

कुशीवर वळवताना झालेली चूक मात्र माझी. एका बाजूच्या न्यूमोनियात मोठ्या माणसाचं चांगलं फुप्फुस खाली ठेवायचं, कारण रक्त खालच्या बाजूला जास्त जातं. मी उलटं केलं, आकडा ८६ वर आला आणि राउंडला सगळ्यांसमोर ऐकून घेतलं. फुप्फुसातून रक्त येत असेल तर मात्र तीच बाजू खाली, नाहीतर रक्त चांगल्या बाजूत उतरतं. फुप्फुस काढलेलं असेल, तर सर्जनला विचारल्याशिवाय हातच लावू नका.

पालथं झोपवणं वेगळंच प्रकरण. २०१३ च्या प्रोसेवा अभ्यासात गंभीर एआरडीएसच्या (दोन्ही फुप्फुसं सुजून ऑक्सिजन घसरतो तो आजार) व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना सलग किमान १६ तास पालथं ठेवलं. २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले. ताज्या पोटाच्या ऑपरेशनात तो निर्णय तुमचा-माझा नाही.

वळवताना नळी धरणारा एकच माणूस ठेवा, 'एक-दोन-तीन' ही मोजणीही त्याचीच. बीपी टिकवून ठेवणारी औषधं चालू असतील तर डोकं टप्प्याटप्प्यानं उचला.

पाचव्या दिवशी काका खुर्चीत बसले. पोटावर उशी घट्ट धरून खोकले, मोठा बेडका पडला. मग मुलाला विचारलं, "डावणीची फवारणी झाली का रे?"